आधी ट्रॉलीला दिवा, मग ब्रेकचा हिशोब

माननीय संपादक,
स.न.

कापसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या उभ्या ट्रॉलीवर मागून कार आदळल्याची बातमी आपल्या अंकात हमखास येते. बातमीतलं कारणही ठरलेलं, ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने’. हिंगणघाट भागात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. अशा गाड्या नंतर क्रेनला लटकून माझ्याकडे येतात. त्यांचा पत्रा पाहिला की या वाक्याचा राग येतो. नियंत्रण सुटलेलं नसतं हो, पुढचं दिसलेलंच नसतं.

कार कारवर मागून आदळली तर आधी बंपर फुटतो, मग ग्रिल, कंडेन्सर, रेडिएटर जातात, जोराची असेल तर बोनेट दुमडतं. बंपरच्या आत आडवा बीम असतो, त्यामागे मुद्दाम चुरगळावेत असे भाग असतात. धक्का त्यांनी खायचा आणि माणसाला वाचवायचं. ‘आताच्या गाड्या पत्र्याच्या डब्या’ म्हणणाऱ्यांना हे मी रोज सांगतो, पटत कुणाला नाही. ट्रॉलीवर गेलेल्या गाडीत मात्र सगळं उलटं दिसतं. बंपर बऱ्यापैकी धड, नंबर प्लेट जागेवर, आणि बोनेटपासून समोरच्या काचेपर्यंतचा भाग करवतीनं कापल्यासारखा. ट्रॉलीचा सांगाडा जमिनीपासून अडीच-तीन फूट वर असतो. कार त्याच्या खाली शिरते, थेट चाकांना जाऊन थटते. धक्का खायला बनवलेला भाग कशालाच टेकत नाही, टेकतो तो काचेमागे बसलेला माणूस. त्यातही ड्रायव्हरनं शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबला असेल, तर वजन पुढच्या चाकांवर येऊन गाडीचं नाक खाली दबतं आणि गाडी आणखी आत जाते.

लोक मला विचारतात, ‘ब्रेक लागला नसन का बाप्पा?’ बहुतेक वेळा लागलेला असतो. हिशोब करून पाहा. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पळते. अंधारात समोर काहीतरी आहे हे डोळ्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे 33 मीटर ब्रेकशिवायच गेले. त्यापुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला साधारण 36 मीटर. एकूण झाले 70 च्या आसपास. समोरून गाडी येत असली की आपण लाइट डिपरवर घेतो, आणि त्या उजेडात बिनदिव्याची, मातकट रंगाची ट्रॉली 40-45 मीटरवर दिसली तरी नशीब समजा. 45 मीटरवर दिसली आणि ब्रेक नवा कोरा असला, तरी धडकेच्या क्षणी गाडीचा वेग 65 च्या घरात असतो. तीच गाडी 60 नं चालली असती तर जेमतेम थांबली असती. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलेलं आपण सगळेच विसरलो.

आणि रस्ते तर आता असे झालेत की 80 म्हणजे हळू वाटतं. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटरची एक लेन 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. अभिमान आहे. पण त्याच गुळगुळीत डांबरावरून सोयाबीनची, कापसाची, संत्र्याची ट्रॉली वीसच्या वेगानं जाते, आणि तिच्या मागच्या फळीवर वीस वर्षांपूर्वी जे नव्हतं ते आजही नाही.

मी कास्तकाराच्याच घरचा. ट्रॉलीवाल्याला शिव्या घालायला हे पत्र लिहीत नाही. त्याच्या अडचणी मला ठाऊक आहेत. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, रांग लागते, गाडी रिकामी व्हायला रात्र होते, आणि परतीचा प्रवास अंधारातच होतो. दिवा असला तरी कापूस शिगोशीग भरून वरून ताडपत्री टाकली की तिची कड नेमकी मागच्या दिव्यावर लोंबते. ट्रॅक्टरकडून ट्रॉलीकडे येणारी वायर एकदा तुटली की पुढच्या हंगामापर्यंत कुणी जोडत नाही. रस्त्यात धुरा तुटला किंवा टायर बसला, तर मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात. अंधारात ती फांदी दिसेपर्यंत ट्रॉलीही दिसलेली असते. शिवाय ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, दुसऱ्या दिवशीच्या दुचाकीवाल्यासाठी.

मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर असावेत, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये आहेच. रस्त्यावर धोका होईल अशी गाडी उभी ठेवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 चा भंग आहे. मागून आदळणारा तोच चुकला, ही पंचनाम्याची जुनी रीतही आता तशी राहिलेली नाही. कोइमतूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये, इशारा न देता महामार्गावर अचानक थांबलेल्या कारचालकावर निम्मी जबाबदारी टाकली. त्या कारवर मागून धडकून पडलेल्या आणि मग बसखाली पाय गमावलेल्या दुचाकीस्वार विद्यार्थ्यावर 20 टक्के ठेवली, उरलेली बसवाल्यावर. अंतर न राखल्याचा दोष त्याच्याकडेही राहिला, पण पुढचा सुटला नाही. भरपाईच्या दाव्यात आपल्याकडच्या ट्रॉलीमालकालाही हे कुणी तरी ऐकवणारच आहे.

आता कारवाल्यांचं. ट्रॉलीला दिवा लागला म्हणून यांची सुटका नाही. गॅरेजमध्ये मी ब्रेक ऑइलचं झाकण उघडतो तेव्हा अनेकदा आत चहासारखं काळपट पाणी दिसतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं साधं डॉट-3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरलेल्या ऑइलला हीच मर्यादा 140 पर्यंत घसरते. उतारावर सतत ब्रेक दाबत आलात की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली बसतं. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलायचं असतं, लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. दुसरी सवय उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची. त्यानं पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनकडून मिळणारा व्हॅक्यूम थांबतो, दोन-तीनदा पाय मारला की पेडल दगड होतं. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहणारेही आहेत. चाक जाम न होता स्टिअरिंग वळवता यावं, यासाठी एबीएस असतं; ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर ते अंतर कमी करेलच असं नाही. आणि पुढे तो लोखंडी गार्ड लावून मिरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं त्यावर डिसेंबर 2017 मध्येच बंदी घातली आहे. तो धक्का थेट चासिसला देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज बिघडवतो.

तरी माझा मुद्दा पुन्हा ट्रॉलीवरच येतो, कारण वरचा हिशोब पाहिला तर बिनदिव्याच्या ट्रॉलीपुढे उत्तम ब्रेकही कमीच पडतो. चौकाचौकात पोलिस उभे करून हे होणार नाही, आणि दंड केला तर तो कापसाच्या भावातूनच जाणार. प्रत्येक ट्रॉली हंगामात एका जागी थांबतेच, ती म्हणजे वजनकाटा. बाजार समित्यांनी आणि जिनिंगवाल्यांनी एवढंच करावं: काट्यावर गाडी चढली की मागची फळी पाहायची. लाल रिफ्लेक्टर टेप नसेल तर तिथेच चिकटवून द्यायची, मग पावती. पाच लिटर डिझेलच्या पैशांत एका ट्रॉलीचं काम होतं, आणि समितीच्या सेसमधून हे पैसे निघू शकतात. टेप फळीच्या खालच्या कडेला लावावी, वर लावली तर ताडपत्रीखाली जाते. टेपला वायर लागत नाही, बल्ब लागत नाही, मागच्याचा लाइट पडला की ती दुरूनच चमकते. आरटीओनं हेच काम गावोगावी शिबिरं घेऊन केलं तर उत्तमच, पण शिबिराचा फलक लागेपर्यंत हंगाम सरतो.

संपादक महाशय, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. मुहूर्ताच्या खरेदीला पहिल्या गाडीला हार घालतात, कास्तकाराला टोपी-उपरणं देतात आणि त्याचा फोटो आपल्या पहिल्या पानावर येतो. यंदा आपल्या वार्ताहराला त्या गाडीच्या मागे जाऊन आणखी एक फोटो काढायला सांगावं, आणि तोही त्याच पानावर छापावा.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेज व्यावसायिक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा