कोड पुसण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१७१ हा दोषाचा कोड आला, इथवर ठीक. ‘ऑक्सिजन सेन्सर मागवतोय’ या वाक्यापाशी आलो आणि बाकी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो. इतक्यात मागवू नकोस.

पी ०१७१ म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, सांगतोय आणि तेही धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या सेन्सरवरूनच त्याला कळलंय. आपण मात्र त्या सेन्सरलाच काढून टाकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! मीही हेच केलं होतं. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, दिवा गेला. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. कोड पुसला की ईसीयूने शिकून साठवलेली पेट्रोलची दुरुस्तीही शून्यावर येते. ती पुन्हा वाढायला वेळ लागतो, म्हणून थोडे दिवस सगळं ठीक भासतं.

तू अजून कोड पुसला नाहीस ना? मग आधी स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम उघड. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, इंजिनवर लोड किती, हे सगळं त्यात असतं. ते वहीत उतरवून घे. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ते गेलंच.

मग इंजिन गरम करून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू करतो ती पेट्रोलची दुरुस्ती, बघ. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून साठवलेली), दोन्ही. माझ्या गाडीत आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, लाँग ट्रिम +२२ टक्के होता. न्यूट्रलमध्ये आरपीएम २५०० वर धरले की +६. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी, म्हणजे बहुधा कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. उलट लोड वाढेल तसा आकडा चढत गेला, तर पेट्रोलचं प्रेशर किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर तपासायचा. एमएएफ त्याच्याच स्प्रेने साफ कर, तारेला बोट किंवा फडकं अजिबात लावू नकोस.

माझा दोष पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढून घेणाऱ्या, रबरी नळीत निघाला. वरून अगदी धडधाकट, पण वळणाच्या खालच्या अंगाला नखाएवढी भेग. बॉनेटखाली कान नेला तर बारीक फुस्स ऐकू येत होतं. भेगेवर बोट दाबलं, आवाज थांबला, आयडल स्थिर झाला आणि स्क्रीनवर शॉर्ट ट्रिम झरझर उतरला. इतका आनंद मला नव्या सेन्सरने दिला नव्हता! तूही बघशील तेव्हा बाही वर कर, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेव.

सेन्सरच्या कपलरमध्ये (वायरच्या जोडणीत) हिरवट गंज दिसतो का, तेही बघून घे. जुन्या गाडीत तो बऱ्याचदा सापडतो. आणि दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी दामटू नकोस. ते मिसिंगचं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचं, लक्षण आहे, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

फ्रीझ फ्रेम आणि दोन्ही वेळचे ट्रिम लिहून पाठव. तोवर कोड तसाच राहू दे.

तुझाच,
जुना मित्र