कंट्रोल बोर्डातील मेमरी न कळवता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वीज खंडित झाल्यावर खेळाडूच्या क्रेडिटची नोंद चुकणे

महोदय,

आम्ही स्लॉट मशीनचे सॉफ्टवेअर तयार करतो आणि त्यासाठी आपल्या कंपनीचे मुख्य कंट्रोल बोर्ड वापरतो. ताज्या खेपेतील बोर्डांवर वीज अचानक गेली की खेळाडूच्या क्रेडिटची, म्हणजे मशीनमधील त्याच्या शिल्लक रकमेची, नोंद चुकते, आणि याचे मूळ आपण आम्हाला न कळवता केलेल्या बदलात आहे.

पूर्वीच्या बोर्डांवर क्रेडिट, मीटर (मशीनने घेतलेल्या-दिलेल्या रकमांची एकूण मोजणी) आणि चालू डावाची स्थिती बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या एसरॅममध्ये (झटपट लिहिता येणाऱ्या मेमरीत) लिहिली जात असे. नव्या खेपेत तिच्या जागी फ्लॅश मेमरी (विजेविनाही माहिती टिकवणारी) बसवलेली आढळली. एसरॅममध्ये एक बाइट लिहायला काही नॅनोसेकंद पुरतात. फ्लॅशमध्ये मात्र नव्याने लिहिण्यासाठी आधी अख्खा ब्लॉक (मेमरीचा ठरावीक तुकडा) पुसावा लागतो, त्यात कित्येक मिलिसेकंद जातात आणि पुरवठा तुटल्यावर आपल्या बोर्डावरील कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) तेवढा वेळ तग धरत नाहीत. त्यात आपले फर्मवेअर (बोर्डातील अंगभूत सॉफ्टवेअर) माहिती बफरमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, असताना ‘लेखन पूर्ण’ असे कळवते. परिणामी नोट आत घेतली गेली, तिची रक्कम मीटरमध्ये चढली, पण क्रेडिटमध्ये चढलीच नाही, असे चाचणीत वारंवार घडले.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खबरदारी आहे. क्रेडिटच्या दोन प्रती आणि प्रत्येकीची सीआरसी (माहिती बिघडली का ते ओळखणारा तपासणी-अंक) आम्ही ठेवतो. परंतु आपला ड्रायव्हर (मेमरीचे लेखन-वाचन सांभाळणारे सॉफ्टवेअर) दोन्ही प्रती एकाच ब्लॉकमध्ये ठेवतो आणि अर्धवट लिहिलेला ब्लॉक टाकून देऊन त्याआधीचा ब्लॉक मुकाट्याने पुढे करतो. त्या जुन्या ब्लॉकची सीआरसी जुळत असल्यामुळे तपासणीला कसलाच संशय येत नाही. अशा वेळी मशीनने बिघाड दाखवून थांबायला हवे, पण ते जुन्याच क्रेडिटवर पुढचा डाव सुरू करते. माणसाने घातलेले पैसे मशीनने नाकारावेत आणि त्याच मशीनच्या मीटरने ते मिळाल्याचे सांगावे, हे मला कोणत्याही कारणाने मान्य होणार नाही.

याहून अधिक खेद आवृत्ती क्रमांकाचा वाटतो. ड्रायव्हर बदलूनही आपण क्रमांक तोच ठेवला. प्रमाणन प्रयोगशाळा मंजुरी देते ती एका विशिष्ट बायनरीला (तयार सॉफ्टवेअर फाइलला), आणि मशीनमधील सॉफ्टवेअर तेच आहे की नाही हे त्या फाइलच्या हॅशवरून (फाइलमधून काढलेल्या ओळख-अंकावरून) पडताळले जाते. जीएलआय-11 या गेमिंग मशीनच्या तांत्रिक मानकाला वीज आल्यावर डाव खंडित झाला तेथूनच सावरणे अपेक्षित आहे, शिवाय मागील 10 डावांचा तपशील दाखवता यावा लागतो. या बोर्डांवर यातील कशाचीही हमी आम्ही देऊ शकत नाही.

आपल्या तांत्रिक विभागाने यूपीएस बसवण्याचा सल्ला दिला. मशीनच्या आतला पॉवर सप्लाय बंद पडला किंवा फ्यूज उडाला, तर बाहेरचा यूपीएस काय करणार?

तरी या खेपेतील सर्व बोर्ड परत घेऊन पूर्वीच्याच मेमरीचे बोर्ड आपल्या खर्चाने द्यावेत, ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. ड्रायव्हरमध्ये नेमके काय बदलले याची लेखी माहिती द्यावी, आणि हेच बोर्ड घेतलेल्या इतर ग्राहकांनाही हा दोष तातडीने कळवावा. चाचणीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
प्रमुख, एम्बेडेड सॉफ्टवेअर विभाग