आता तुला पेंग्विन आठवला होय!

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचून आधी पोटभर हसलो. ‘अरे, विंडोजऐवजी ते पेंग्विनवालं लिनक्स रोजच्या वापराला जमतं का?’ हे तू मला विचारतोस? २००८ साली होस्टेलच्या पत्त्यावर उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, फुकट सीडी मागवणारा कोण होता? परदेशातून पाकीट आलं म्हणून रेक्टरनी तुला खाली बोलावून घेतलं होतं. ती सीडी तू स्वतःचं मशीन सोडून माझ्या मशीनवर टाकलीस, आणि पहिलंच गाणं लावलं तर एमपी३ वाजेना. पेटंटच्या भानगडीमुळे ते कोडेक, म्हणजे एमपी३ वाजवायला लागणारा प्रोग्रॅम, सोबत देत नसत. हे कळून ते उतरवून घेईपर्यंत रात्रीचे दोन वाजले. पुढे तू नोकरीला लागून विंडोजवर गेलास आणि मी आपला तिथेच.

आता १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तुझा २०१६ चा लॅपटॉप काही ११ च्या नियमात बसत नाही, म्हणून ही आठवण. असो. जमतं रे. पण काय काय होतं ते आधीच सांगून ठेवतो, मागाहून शिव्या नकोत.

माझ्याकडे मिंट आहे, तोही लिनक्सचाच एक प्रकार, आणि हिच्या अकाउंटच्या सॉफ्टवेअरसाठी शेजारच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, विंडोज ठेवलंय. मी लिनक्स बंद करून उठलो आणि सकाळी दहाला हिने विंडोज लावलं, की घड्याळात पहाटेचे साडेचार! “तुझ्या पेंग्विनने परत घड्याळ बिघडवलं,” हे वाक्य आमच्याकडे कित्येक महिने ठरलेलं होतं. दोष तसा कुणाचाच नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोजला वाटतं, तिथे लिहिलंय तीच इथली वेळ. शेवटी टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ धरायला लावलं. ऐकलं त्याने, पण आजही वेळेची माहिती विचारली की खाली सूचना येते, ही पद्धत बरोबर नाही म्हणून. काम करणार आणि वर ऐकवणार.

मधल्या बटणाचं तर विचारूच नकोस. इथे माऊसने मजकूर नुसता निवडला तरी तो कॉपी झालेला असतो, आणि चाक दाबलं की चिकटतो. एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळापासूनची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली सवय आहे ही. मला वाचता वाचता ओळी रंगवायची खोड. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीचा मेसेज लिहीत होतो. वर सरकवायला गेलो, चाक दाबलं गेलं, आणि थकबाकीच्या यादीतली रंगवलेली ओळ वर्गणीच्या मधोमध जाऊन बसली, फ्लॅट नंबरसकट. न वाचता पाठवला. आरतीला ते गृहस्थ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तरी ती सोय मी बंद केलेली नाही, इतकी हाताला बसलीय.

लिबरऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, मराठी लिहिणार असशील तर एक गोष्ट नीट ऐक. त्यात देवनागरीचा फॉन्ट आणि रोमनचा फॉन्ट वेगवेगळे धरतात. मी वार्षिक सभेच्या नोटिशीची स्टाइल उघडून आकार सोळा केला, तर सगळं मराठी बाराचंच राहिलं आणि मधले रोमनमधले दोन शब्द तेवढे टम्म फुगले. स्टाइलमध्ये खाली दुसरा रकाना असतो, तिथेही आकार बदलावा लागतो. हे कळायला मला अख्खी दुपार लागली, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला, कारण तो रकाना डोळ्यासमोरच होता.

टायपिंग मात्र मजेत. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड लाव. ‘दुसऱ्या’मधला तो ऱ्य काढताना शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. साधा र घेतलास तर डोक्यावर रफार चढतो आणि आपले मराठीचे मास्तर आठवतात.

गिंप या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये फोटो कापून ‘सेव्ह’ केलास की त्याच्या स्वतःच्या प्रकारातच फाइल होते. जेपेग हवं तर ‘एक्सपोर्ट’. पहिले दोन महिने चिडशील.

आणि हे सगळं सोसून मी इथे का, तर आमच्या बाबांचा जुना प्रिंटर. नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हरच मिळेना. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. मिंटला वायर जोडली, तर अर्ध्या मिनिटात ‘प्रिंटर तयार आहे’. बाबांनी त्यावर विष्णुसहस्रनाम छापून घेतलं, मोठ्या अक्षरात, आणि दुकानदाराला नेऊन दाखवलं.

तर येत्या रविवारी ये. पेनड्राइव्ह तयार ठेवतो. इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवून बघू, तुझा वायफाय आणि आवाज चालला तरच पुढचं. फोटोंचा बॅकअप घेतल्याशिवाय लॅपटॉप माझ्या हातात देऊ नकोस. आणि वहिनींना विचारून ये, ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं का. तसं असेल तर पार्टिशन करावं लागेल, आणि मग घड्याळाचं तू त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझा,
पम्या