दारूचा दर मद्यार्कावर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारूच्या दरांवर चर्चा सुरू झाली की एक बाजू म्हणते कर वाढवा, दुसरी म्हणते पिणारा पितोच. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत परिचारिका म्हणून झाली. दोन्ही बाजूंना माझे एकच सांगणे आहे : बाटली कुठल्या नावाची आहे हे सोडा, तिच्यात मद्यार्क किती ग्रॅम आहे त्यावर किमान दर बांधा.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध मद्यार्क पोटात गेला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिसेवन मानते. शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅमच निपटू शकते. घाईघाईने पिऊन आडवा झालेला मुलगा झोपला असे मित्रांना वाटते, पण पोटातली दारू तेव्हाही रक्तात उतरत असते. तो उताणा असेल तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून आधी कुशीवर वळवायचे, रक्तातली साखर बघायची, केसांतून बोटे फिरवून डोक्याला मार आहे का ते चाचपायचे. मेंदूत रक्तस्राव झालेला आणि नुसता तर्र झालेला, दोघे वरून सारखेच दिसू शकतात. ‘प्यायलाय, झोपू द्या’ हे वाक्य मला आजही सहन होत नाही.

जो झिंगण्यासाठीच पितो, तो कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त चढणारी बाटली शोधतो. स्कॉटलंडने तिथेच हात घातला. कायदा २०१२ मध्ये झाला, मद्य उद्योग न्यायालयात गेला आणि प्रत्यक्ष अंमल १ मे २०१८ रोजी सुरू झाला. दर आठ ग्रॅम मद्यार्कामागे, म्हणजे तिथल्या एका युनिटमागे, किमान ५० पेन्स. साडेसात टक्के मद्यार्काच्या तीन लिटर स्वस्त सायडरची (सफरचंदाच्या दारूची) किंमत त्यामुळे सव्वाअकरा पौंडांच्या खाली येऊ शकत नव्हती. महागड्या व्हिस्कीला धक्काही लागला नाही, कारण ती या मर्यादेच्या वरच होती. नुसता कर वाढवला तर मोठे विक्रेते तो स्वतः सोसून बाटली स्वस्तच ठेवू शकतात. किमान दरात ही पळवाट उरत नाही.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, या धोरणामुळे केवळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी झाले, आणि सर्वाधिक फायदा गरीब वस्त्यांना झाला. पण ही घट मुख्यतः यकृताच्या आजारांसारख्या जुनाट दुखण्यांतली होती. एका रात्रीच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत तशी घट दिसली नाही. दरवाढीच्या समर्थकांनी हे लपवू नये, मी स्वतः समर्थक असूनही म्हणते. त्या रात्रींसाठी विक्रीची वेळ आवरावी लागते आणि ‘जास्त घ्या, स्वस्तात घ्या’ या सवलती बंद कराव्या लागतात. स्कॉटलंडने दुकानांतल्या अशा सवलती २०११ मध्येच बंद केल्या होत्या.

दुसरे म्हणजे, एकदा ठरवलेला दर महागाई खाऊन टाकते. तिथे ५० चे ६५ पेन्स व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर ५० पेन्सची धार बोथट झाली होती. दर वर्षी आपोआप वाढ होईल, अशी तरतूद कायद्यातच हवी.

सर्वांत जास्त काळजी मला पूर्ण व्यसनाधीन माणसाची वाटते. दारू महागली तर तो आधी जेवण कमी करतो, घरखर्चाला कात्री लावतो. पैसे संपून दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. शिवाय किमान दरामुळे वाढलेली बरीचशी रक्कम विक्रेत्याच्या गल्ल्यात राहते. ती वेगळ्या आकारणीने वसूल करून व्यसनमुक्ती उपचारांसाठीच राखून ठेवावी, आणि नवा दर लागू होण्याआधी त्या उपचारांच्या खाटा, औषधे व प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयांत असाव्यात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका