त्या दोन वडिलांविषयी

पुणे

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या गणपतीत आपल्याकडे आरतीला आलेला माझा सहकारी तुमच्या लक्षात असेल. आम्ही लग्न करायचे ठरवले आहे. तो मुसलमान आहे हे वाचून तुमच्या मनात काय येईल, याची मला कल्पना आहे. फोनवर शब्दाने शब्द वाढला असता, म्हणून पत्र लिहीत आहे.

परवा आम्ही मणिरत्नम यांचा १९९५ चा 'बॉम्बे' पुन्हा पाहिला. या वेळी माझे लक्ष शेखर आणि शैलाबानूपेक्षा त्यांच्या वडिलांवरच खिळले. मुलाने मुसलमान मुलगी निवडली म्हणून भडकलेले शेखरचे वडील नारायण आणि तितकेच संतापलेले, विटांचा धंदा करणारे बशीर हे दोघे मुंबई गाठतात ते डिसेंबर १९९२ च्या दंगलीत मुलांचे काही बरेवाईट झाले नसेल ना, या धास्तीने. तिथे पाहतात तो काय, जुळ्या नातवांची नावे कबीर नारायण आणि कमाल बशीर! दोन्ही आजोबांच्या नावांवाचून त्या घराचे पान हलत नव्हते, आणि त्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. पण हा सहवास फार टिकत नाही. जानेवारीतल्या आगीत दोघेही जातात. हिंदू वडिलांचे काम नासर या मुसलमान नटाने आणि बशीरचे किट्टी या हिंदू नटाने केले आहे, हे कळल्यावर मी त्यांचे प्रसंग परत लावून पाहिले. दोघांचा राग सारखाच आहे आणि नातवांना जवळ घेतानाची मायाही.

नातवंडे शाळकरी होईपर्यंत धरलेला अबोला सुटायला दंगल व्हावी लागली, हे मला फार लागले. आपल्यात तितका काळ जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होईल. त्यात कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. मात्र विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आमची नोटीस लागेल, हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असेल, आणि ती बातमी तुम्हांला तिऱ्हाइताकडून कळावी हे मला सहन झाले नसते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. एक सही त्याच्या अम्मी करणार आहेत. उरलेल्या दोन तुम्हां दोघांच्या असाव्यात, एवढीच विनंती.

तुमची लेक