फसलेल्या लूरच्या डब्याबद्दल काकांना पत्र

काका, नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन ओळींच्या पुढं काही वाचत नाही हे मला माहितीये, त्यामुळं हे घरातलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय. आणि असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ती कानस दे इकडं" म्हणून विषयच बदलता. दोनदा झालंय असं. आता वाचताना मधेच कानस मागता येणार नाही.

माझा पहिला लूर, म्हणजे खरा मासा फसावा म्हणून गळाला लावायचा तो लाकडी खोटा मासा, तुम्हाला आठवत असणारच, कारण तुम्ही अजून त्याचा विषय काढून हसता. माझी समजूत अशी होती की माशाच्या आकाराचं लाकूड कोरायचं, रंगवायचं, गळ अडकवायचे की झालं काम. मोडक्या खुर्चीचा पाय घेतला (चांगलं जड, टणक लाकूड, म्हटलं टिकेल), चार दिवस कोरला आणि त्यानंतर पंधरा दिवस नुसता रंगवत बसलो. एकेक खवला बारीक ब्रशनं. डोळ्याला पापणीसुद्धा काढली होती, माशाला पापणी नसते हे नंतर कळलं. आणि मग तो पाण्यात टाकला तर कुशीवर आडवा पडला, मेल्यासारखा, आणि रीळ फिरवली तर पंख्यासारखा गरागरा फिरायला लागला, सगळ्या लाइनला पीळ बसला. तुम्ही दहा पावलांवर बसून हे बघत होतात. उठून आलात, हातात घेऊन उलटापालटा केलात आणि म्हणालात, "रंग झकास आहे. माशाला दाखवायचा होता की माणसांना?"

त्या दिवशी खरं सांगायचं तर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो पत्र्याचा डबा दिलात. मला वाटलं आत हत्यारं असतील, नाहीतर तुमचे चांगले लूर असतील नमुन्याला. उघडला तर एकोणीस फसलेले लूर, काही कोरे, काही अर्धवट रंगवलेले, आणि बहुतेकांच्या पोटावर पेन्सिलनं त्याचा गुन्हा लिहिलेला. "आडवा पडतो." "गोल फिरतो." "जीभ वाकडी, 1 मिमी." "पाणी प्यायला." "तार नाही." एकावर फक्त "घाई" असं लिहिलेलं. मी विचारलं याचं काय करू, तर म्हणालात, पाण्यात टाकून बघ. एवढंच. कुठलं लाकूड घ्यायचं, कुठला रंग, काही नाही. मला वाटलं मला कटवायला दिलाय डबा. बादलीत एकेक टाकून बघायला लागलो तेव्हा उजेड पडायला लागला, आणि हे पत्र खरं तर त्या डब्याबद्दलच आहे.

"आडवा पडतो" हा पहिला हातात आला कारण तो माझ्या खुर्चीच्या पायाचाच भाऊ होता. पोटात वजनच नाही, मग तो कुठल्या कुशीवर पडायचं हे स्वतः ठरवणार. त्याच्या शेजारचा बाल्सा नावाच्या एकदम हलक्या लाकडाचा, त्याला पोटाखाली शिशाचा तुकडा बसवलेला, तो ताठ तरंगायचा. तिसऱ्याला शिसं जरा जास्तच झालेलं, तो ताठ होता पण ओढला तर ठोकळ्यासारखा सरळ यायचा, डुलायचं नावच नाही. एवढ्या तीन लाकडांवरून मला जे कळलं ते मी आधी वाचलेल्या सगळ्यावरून कळलं नव्हतं, की लाकूड आणि वजन हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत. बाल्सा घन सेंटिमीटरला साधारण 0.16 ग्रॅम भरतं, सागवान 0.65 च्या आसपास, म्हणजे बाल्साच्या पोटात शिसं घालायला भरपूर जागा मिळते, सगळं वजन खाली जातं आणि वरचं हलकं अंग झोकात डुलतं. सागवानात थोडं घातलं की बुडायलाच लागतो. खुर्चीच्या पायाचं तर विचारूच नका. (बाल्साचं वाईट एकच, नखानंही खड्डा पडतो. पहिला लूर कोरायला मला तरी पाइनसारखं मधलं लाकूड बरं वाटतं, चाकू नीट चालतो आणि चूक लगेच दिसते.)

मग ती जीभ. सगळे तिला लिप म्हणतात, तुम्ही जीभ म्हणता, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. लूरच्या तोंडाखाली ती पारदर्शक पट्टी कशाला असते हे मला "गोल फिरतो" नं शिकवलं. ओढताना पाणी त्या पट्टीवर आदळतं आणि एकदा डावीकडून एकदा उजवीकडून निसटतं, म्हणून अंग डुलतं. ती मधोमध नसेल तर एका बाजूचं पाणी कायम जास्त जोर लावतं आणि लूर उलटतो. डब्यातल्या त्या लूरची जीभ डोळ्यांना अगदी सरळ दिसायची, मी पट्टी लावून मोजली तेव्हा फरक सापडला. आणि तिचा कोन: उभी बसवली तर लूर वरच्या थरातच जोरात डुलत येतो, पुढं आडवी आणि लांब काढली तर खोल जातो. तुमच्या डब्यात एकाच अंगाचे तीन होते, तिघांना वेगवेगळ्या कोनात जीभ, आणि ते तिन्ही "फसलेले" का हे मला महिनाभर कळलं नाही, कारण तिन्ही व्यवस्थित पळायचे. शेवटी विचारलं तर म्हणालात, ते फसलेले नाहीत, तुझ्यासाठी केले होते, मधे मिसळून ठेवले. काका, तुम्ही हे असं करता आणि वर आभार मानू देत नाही.

जीभ मधोमध बसवायची युक्ती तेवढी तुम्ही तोंडानं सांगितलीत, बहुतेक माझे हाल बघवले नाहीत म्हणून. लाकूड चौकोनी आहे तोवर सगळी मापं घे, गोल झालं की मध्य हरवतो. हे वाक्य मी भिंतीवर लिहिलंय. आता मी आधी चारी बाजूंना मधल्या रेषा मारतो, जिभेची खाच पाडतो, तारेची चीर पाडतो, शिशाची भोकं पाडतो आणि मगच चाकू हातात घेतो. आधी मी छान गोल मासा कोरून झाल्यावर त्याला करवत लावायचो, आणि करवत घसरली की परत पहिल्यापासून. नव्यानं सुरू करणाऱ्या कुणालाही मी एकच गोष्ट सांगायची ठरवली तर हीच सांगेन, रंगाचं नंतर बघू. पट्टी पॉलिकार्बोनेटची घ्या, दीड ते दोन मिमी जाडीची, ॲक्रिलिकची दगडावर आपटली की तडकते. आणि खाचेची रुंदी पट्टीच्या जाडीएवढीच हवी, सैल झाली की इपॉक्सीनं (दोन भाग मिसळले की घट्ट होतं ते) भरून काढू असं वाटतं पण सुकेपर्यंत ती हळूच कलते.

"तार नाही" हा डब्यातला सगळ्यात दुःखी. तो अर्धाच आहे. बाल्साचं अंग, आणि गळ अडकवायला नुसते आट्याचे आकडे लाकडात फिरवलेले. मी विचारलं मागचा अर्धा कुठंय तर म्हणालात, माशाकडे. तेव्हापासून मी नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड स्टेनलेस तार घालतो, पोटाच्या गळासाठी मधे तिलाच वळसा, मग लाकूड तुटलं तरी मासा तारेवर राहतो आणि तोंडात लाकूड घेऊन फिरत नाही बिचारा. तार वाकवायला सुरुवातीला माझा एक अख्खा रविवार जायचा, आता दहा मिनिटं लागतात.

"पाणी प्यायला" बद्दल थोडक्यात सांगतो कारण ती चूक मी तुमचा लूर बघूनही केलीच. कच्च्या लाकडावर सरळ रंग मारला, दिसायला मस्त, पण गळ अंगाला घासून घासून रंगाला एक टाचणीएवढं भोक पडलं, तिथून पाणी आत गेलं, लाकूड फुगलं आणि पाठीवर उभी भेग. आता आधी सीलर, म्हणजे लाकडात पाणी शिरू न देणारा थर, दोन हात, मधे बारीक सँडपेपर, आणि जीभ, तार, शिसं बसवलेल्या सगळ्या चिरा नीट बुजवलेल्या. शिसं हाताळलं की हात धुवायचे हेही तुम्हीच लावून दिलेलं वळण, आणि घरात शिसं वितळवायचं नाही म्हणजे नाही. ब्रिटनमध्ये हंस शिसं गिळून मरायला लागले म्हणून 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली, हे वाचल्यापासून मी छोट्या लूरमध्ये स्टीलच्या गोळ्या घालून बघतोय. त्या शिशापेक्षा हलक्या, म्हणून भोक मोठं पाडावं लागतं, पण जमतंय.

माझ्याकडे एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं यंत्र) नाही म्हणून मी रडत होतो तेव्हा तुम्ही फिनलंडच्या लौरी रापालाची गोष्ट सांगितलीत. 1936 साली त्यानं बुचाच्या लाकडाचा लूर कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळून चमक आणली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. वार्निश मिळालं नाही म्हणून थांबला नाही. आणि त्याचं सगळं लक्ष कशावर होतं, तर थव्यातला जो मासा जरा लंगडत पोहतो त्याच्यावरच शिकारी मासा झडप घालतो, ती लंगडी चाल लाकडात आणायची. गोष्ट संपवून तुम्ही माझ्या पापणीवाल्या लूरकडे बघितलंत. बोलला काहीच नाहीत, पण कळलं मला.

आता माझा रंग म्हणजे पाठ गडद, पोट पांढरं, मधे एक फिकट पट्टा. खवले हवेच असतील तर फळांच्या जाळीची पिशवी अंगावर ताणून वरून स्प्रे. पाच मिनिटांचं काम आणि पंधरा दिवस घालवलेल्यापेक्षा बरं दिसतं, याचं वाईट वाटतं तो भाग वेगळा.

इपॉक्सीच्या बाबतीत मात्र तुमचा डबा कमी पडला, तिथं माझे मीच नवीन गुन्हे केले. दोन भाग डोळ्यांनीच अंदाजे सारखे घेतले, लूर आठवडाभर चिकटच, त्याला धूळ, भुसा, एक डास, सगळं चिकटलं. मग पटकन सुकणारं घेतलं तर ब्रश फिरवेपर्यंत घट्ट. मग हळू सुकणारं घेतलं आणि खुंटीला टांगून झोपलो, सकाळी शेपटीला थेंब लोंबत होता, गोठलेला. मग तुम्ही जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर काढून दिलीत, तिला लूर अडकवायचा, ती मिनिटाला पाच-सहा फेऱ्या मारत राहते आणि थर सगळीकडे सारखा बसतो. रात्रभर ते खुर्र खुर्र ऐकून घरचे वैतागलेत, पण मला त्याच्याशिवाय आता झोप लागत नाही.

पहिला मासा लागला तो दिवस तुम्हाला माहीतच आहे. एवढंच नोंदवतो की तो लूर रंगवलेला नव्हता. नुसता सीलर मारून चाल बघायला आणला होता, थोडा डावीकडे पळत होता, तुम्ही म्हणालात नाकाची, लाइन बांधायची कडी उजवीकडे वाकव, केसभर, पकडीनं हलकेच, जास्त नको. दोनदा वाकवली, तिसऱ्या फेकीला सरळ आला, आणि चौथ्या फेकीला तो आलाच नाही, काठी वाकली. सोडून दिला मासा. मग तुम्ही माझ्याकडून तो लूर मागून घेतलात आणि बराच वेळ नुसता पाण्यातून ओढत बसलात, काही न बोलता. मला वाटतं मी आयुष्यात इतका खूश फार वेळा झालेलो नाही.

तुम्ही मला एखादा लूर करून दिला असतात तर मी तो वापरला असता आणि तळाच्या झाडोऱ्यात अडकवून हरवला असता. माझी चूक हातातून काढून घेऊन तुम्ही दुरुस्त करून दिली असतीत तरी मी ती परत केली असती. स्वतःचे एकोणीस, बरं सोळा, फजितीचे लूर एका पोराच्या हातात सांभाळून द्यायला जे लागतं ते माझ्यात अजून नाही. मी माझे फसलेले गपचूप शेगडीत घालायचो. त्याबद्दल आभार, काका. कानस नंतर देतो.

डबा परत आणून तुमच्या ओसरीवर ठेवलाय. आत आता तेवीस आहेत. माझ्या तिघांवर मी पेन्सिलनं लिहिलंय: "पापणी", "अंदाजे इपॉक्सी", आणि "गळ एकमेकांत अडकतात". चौथ्याचं पोट कोरंच ठेवलंय. तो हळू ओढला तर सुंदर डुलतो आणि जरा जोर केला की उताणा होतो, जीभ मोजली, शिसं हलवून बघितलं, कडी वाकवून बघितली, काही कळत नाही. तुम्ही एकदा पाण्यात टाकून बघा, आणि काय लिहायचं ते पेन्सिलनंच लिहा.

तुमचा,
खुर्चीच्या पायवाला