सीपॅपच्या आवाजांविषयी मित्रास

प्रिय विनायक,

सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत घशातली श्वासाची वाट बंद होऊ नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, घरी आल्याचं वहिनींनी कळवलं, आणि सोंड लावलेला बाबा बघून मुलं हसत सुटली, हेही. हसू दे की! तू मात्र त्यापायी मशीन माळ्यावर टाकू नकोस. त्याच्या प्रत्येक गमतीमागे कारण असतं आणि बहुतेकींवर उपायही.

नाकाचा मास्क लावून ‘दिवा बंद कर’ म्हणायला तोंड उघडशील, तर नाकातून शिरलेली हवा तोंडातून सुटेल आणि शब्द वाऱ्यावर जातील. झोपेत तोंड उघडलं की गाल फडफडतात, सकाळी घशाला कोरड. आधी चोंदलेल्या नाकाचं बघ. मग हनुवटीचा पट्टा. तरी जमलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

सगळ्यात जास्त हशा पिकतो तो मास्कच्या कडेतून निघणाऱ्या पर्र-पुर्र आवाजावर. माणूस वैतागून पट्टे आवळतो आणि आवाज वाढतो. कारण सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्यावर टेकायला हवी. आवळली की तिला सुरकुत्या पडतात. म्हणून चेहऱ्यावरचं तेल-क्रीम धुऊन आडवा हो, मशीन सुरू कर, मास्क किंचित उचलून फुगू दे आणि अलगद टेकव. पट्टे दोन्हीकडे सारखे. तुझ्या झुबकेदार मिशांवर ती कड नीट बसणं कठीण. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क मागून बघ. मिशी वाचेल!

मध्यरात्री नळी गुडगुडली आणि नाकावर थेंब पडला, तर ती एसीची करामत. मशीनच्या टाकीतल्या तापवलेल्या पाण्याने ओलसर, उबदार झालेली हवा थंड नळीत निवते, पाणी साचतं. मशीन उशीपेक्षा खाली ठेव, नळी पांघरुणात घे, आर्द्रता एक पायरी उतरव.

पोटात हवा गेली की सकाळी ढेकरांची माळ लागते. मशीनच्या हवेचा दाब साधारण 4 ते 20 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका ठेवता येतो, पण ढेकरांपायी तो स्वतः बदलू नकोस, डॉक्टरांना सांग.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपचार जगापुढे मांडला. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. त्या घरघरीपुढे तुझं मशीन म्हणजे शांतताच.

वीज जाते म्हणून इन्व्हर्टरवर जोडशील, तेव्हा पाणी तापवणं बंद ठेव. बॅटरी जास्त टिकेल. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाल, रोज बदल. आणि गावी निघताना टाकी आधी रिकामी कर, नाहीतर मशीन कलंडून पाणी मोटरमध्ये शिरेल.

तुझा,
अरविंद